नवसाचा खांब आणि आत्याबाईंची कालवड

बोलू का? लाकडाने बोलावं की नाही याचा विचार करण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं. उरलेलं निम्मं, बोलायचंच झालं तर सुरुवात कुठून करावी या विचारात. तेव्हा आता फार न ताणता सांगून टाकतो. मी ग्रीमोल्फच्या मानाच्या बैठकीचा खांब. घराचा कर्ता ज्या उंच आसनावर बसतो, त्याच्या उजव्या हाताला मी उभा असे.

मी मूळचा नॉर्वेचा. समुद्र जिथे डोंगरांत खोलवर शिरतो, तिथल्या एका उतारावर पाईनचं झाड म्हणून वाढलो. तेव्हा मला कसलीच काळजी नव्हती. वारा येईल तसं हलायचं, एवढंच काम. मग ग्रीमोल्फच्या आजोबांनी मला तोडलं, सोललं आणि एका कोरीवकाम करणाऱ्याच्या स्वाधीन केलं. त्याने माझ्यावर गडगडाटाचा देव थॉर कोरला. हातात हातोडा, छातीपर्यंत दाढी, सगळं यथासांग. फक्त चेहरा घाईत उरकला. देव रागावलेला दिसायला हवा होता. तो काहीतरी कुठेतरी विसरून आल्यासारखा दिसतो. माझ्या स्वभावाला ते शोभतं. देवाला शोभतं का, याबद्दल मला शंका आहे.

डाव्या हाताला माझा जोडीदार होता. छप्पर नेमकं त्याच्या डोक्यावर गळायचं. बिचारा आतून कुजला. घर सोडताना निरोपाचं जेवण झालं, तेव्हा मटण त्याच्यावरच शिजलं. मटण छान झालं होतं, असं सगळे म्हणाले. मी काय म्हणणार?

त्या बैठकीशेजारी उभं राहून मी माणसं पुष्कळ पाहिली. उंच आसनावर बसलं की माणसाचा आवाज जाड होतो. खाली उतरला की पुन्हा पूर्वीसारखा. आणि जेवून झाल्यावर तुपकट हात माझ्या दाढीला पुसायचे, मग त्याच हातांनी मला नमस्कार करायचा, ही पद्धत तीन पिढ्या अखंड चालली.

मग नॉर्वेत एक राजा जोरावर आला. त्याला सगळ्यांकडून कर हवा होता. ग्रीमोल्फ म्हणाला, "मी कोणापुढे वाकणार नाही." असं म्हणणारे बरेच जण त्या वर्षी जहाजं भरून पश्चिमेला, आइसलंडला निघाले होते. ग्रीमोल्फही निघाला. बरोबर बायको आल्फडिस, घरची माणसं, गुरं, आणि त्याची आत्या ग्रोआ. आत्याबाई विधवा. गुडघे दुखरे, जीभ ठणठणीत. आणि मी. मला बैठकीपासून उपटून आडवा ठेवला होता. वाटभर गुरं माझ्यावर पाय ठेवून उभी होती.

किनारा नजरेत आला, तेव्हा ग्रीमोल्फने मला दोन्ही हातांनी उचललं. जहाजाच्या कडेला उभा राहून मोठ्याने म्हणाला, "हे थॉर! हा तुझा खांब समुद्रात सोडतो. तू त्याला जिथे किनाऱ्याला लावशील, तिथेच मी घर बांधीन. दुसरीकडे बांधणार नाही!"

ही आमच्या लोकांची रीत आहे. पुष्कळांनी असं केलं आहे. रीतीबद्दल मी काही म्हणत नाही. मला फक्त एवढंच वाटतं की मला आधी कोणीतरी विचारायला हवं होतं.

"अरे ग्रीम्या," आत्याबाई म्हणाल्या, "तुला डोळे आहेत ना?"

"आहेत. का?"

"मग जागा तू बघ. त्या लाकडाला कशाला कामाला लावतोस?"

"आत्या, ते लाकूड नाही. देव आहे."

"देव असेल तर त्याला पोहता येत असेल. टाक," म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

मी पाण्यात पडलो.

इथून माझ्या काळजीला सुरुवात झाली, ती आजतागायत आहे. विचार करा. एक अख्खं कुटुंब कुठे राहणार, काय खाणार, त्यांची गुरं कुठे चरणार, हे सगळं माझ्यावर टाकलेलं. आणि मला तर स्वतःची कूसही बदलता येत नाही. लाट जिकडे वळवेल तिकडे माझं तोंड. एक समुद्रपक्षी माझ्या डोक्यावर येऊन बसला, त्यालाही मी हो किंवा नाही म्हणू शकलो नाही.

एकदा तर नशीब अगदी दाराशी आलं. भरतीने मला एका खोऱ्याच्या तोंडाशी नेलं. काय खोरं होतं! मधून नदी, दोन्ही बाजूंना भूर्जाची झाडं, गुडघाभर गवत. मी मनात म्हणालो, हेच, थॉर, हेच! तेवढ्यात ओहोटी लागली. मी उलटा वाहू लागलो. खोरं लहान लहान होत गेलं. थॉरला खोरं पसंत नव्हतं, की त्याचं लक्ष नव्हतं, की मीच नीट प्रयत्न केला नाही? यावर मी अजून विचार करतो.

शेवटी एका उघड्याबोडक्या भूशिरावर जाऊन आदळलो. काळे लाव्हाचे दगड, काळी वाळू, आणि वारा असा की गवताला उगवायचा धीर होऊ नये. दगडांच्या आडोशाला कुठेतरी हिरवळीचं एखादं ठिगळ. पण वाहून आलेली लाकडं मात्र पुष्कळ. ते भूशिर स्केग्गी नावाच्या माणसाचं होतं. तो आदल्या वर्षी आला होता, आणि त्याने ही जागा घेतली होती ती याच लाकडांसाठी. कारण या देशात भूर्ज आहेत पण घराला घालावा असा सरळसोट वासा नाही. किनारा ज्याचा, त्यावर आलेलं लाकूड त्याचं, असा इथला कायदा.

स्केग्गीने मला पायाने उलथवलं. माझा चेहरा पाहिला. मीही त्याचा पाहिला.

"देव आहे वाटतं," तो म्हणाला. "सरळ आहे. गोठ्याला होईल."

कुऱ्हाडीने माझ्या पाठीवर मालकीची खूण केली आणि मला गोठ्याच्या मधोमध पुरलं. हिवाळाभर मी छप्पर पेललं आणि गाईंनी माझ्यावर पाठ घासली. खरं सांगू? वाईट नव्हतं. गाई काही मागत नाहीत. फक्त मनात एक टोचणी: ग्रीमोल्फची माणसं आता कुठे असतील?

ती होती त्याच हिरव्या खोऱ्याच्या तोंडाशी. जहाज तिथेच लागलं होतं. पण ग्रीमोल्फने घराची एक भिंत उभारू दिली नाही. "ही आपली जागा नाही," येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा. "खांब सापडेपर्यंत आपण इथे पाहुणे." जहाजाच्या शिडाखाली, चार मातीच्या ढेकळांच्या आडोशाने त्यांनी हिवाळा काढला. चारा पुरला नाही. एक दुभती गाय गेली. आता वसंत आला होता. या उन्हाळ्यात घर झालं नाही आणि गवत कापून साठवलं नाही, तर पुढचा हिवाळा ना गुरांना निभणार होता ना माणसांना. हे आल्फडिसला दिसत होतं, आत्याबाईंना दिसत होतं. ग्रीमोल्फला फक्त किनारे दिसत होते. छोटी होडी घेऊन तो किनाऱ्याची एकेक खाच धुंडाळत फिरत होता.

आणि एके दिवशी तो गोठ्याच्या दारात उभा राहिला.

"थॉर!" तो ओरडला, आणि मला मिठी मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं. पाईनला फार तर चीक येतो.

"ओ पाहुणे," मागून स्केग्गी म्हणाला, "गोठ्याच्या खांबाला मिठी मारायची तुमच्याकडे पद्धत आहे का?"

"हा माझा देव आहे!"

"असेल. माझ्या किनाऱ्यावर आला. खूण बघा पाठीवर."

"माझा नवस आहे. हा जिथे लागला ती जागा माझी."

"म्हणजे माझं लाकूडही तुमचं आणि माझी जमीनही तुमची? अजून काही हवंय? बायको आत आहे, विचारून बघतो."

ग्रीमोल्फचा हात तलवारीकडे गेला. स्केग्गीचा कुऱ्हाडीकडे. मग स्केग्गीच्या बायकोने आतून हाक मारली की जेवण निवतंय, आणि दोघं आत गेले. आमच्याकडे माणूस मारायचा असला तरी जेवल्याशिवाय मारत नाहीत.

जेवताना स्केग्गीचं डोकं चाललं. बाहेर आले तेव्हा तो ग्रीमोल्फच्या खांद्यावर हात टाकून बोलत होता. "हे बघ, गड्या. नवस म्हणजे नवस. मला समजतं. तू हे भूशिर घे, खांब घे. मला ते तुझ्या मुक्कामाचं खोरं सोड. तुला नाहीतरी तिथे राहायचं नाहीच."

"तिथे राहायचं नाहीच," ग्रीमोल्फ म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "स्केग्गी, तू फार मोठ्या मनाचा आहेस."

मी मोडून पडावं असं मला वाटलं. पण गोठ्याचं छप्पर माझ्यावर होतं.

व्यवहार साक्षीदारांसमोर, हातात हात देऊन आणि देवाच्या साक्षीने व्हायचा होता. म्हणून छपराला दुसरा टेकू देऊन मला उपटलं, होडीत घातलं, खोऱ्यात आणलं, आणि शिडाच्या तंबूपुढच्या उंचवट्यावर दगडांचा आधार देऊन उभं केलं. तोंड खोऱ्याकडे. ओहोटीने जे हिसकावलं होतं, ते सगळं माझ्यासमोर पसरलं होतं. स्केग्गी मुक्कामाला थांबला; साक्षीदार दुसऱ्या दिवशी यायचे होते.

ग्रीमोल्फने मोठ्या उत्साहाने घरात बातमी सांगितली.

आल्फडिसने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "अहो, तिथे गवत आहे का?"

"थॉरने निवडलेली जागा आहे."

"ते कळलं. गवत आहे का?"

"मासे आहेत."

"गाई मासे खातात का?"

"उपाशी असल्या तर सुके मासे खातात," ग्रीमोल्फ म्हणाला. ते खरंही आहे. पण आल्फडिसने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने माझ्याकडे कोणी पाहिलं असतं तर मला चीर गेली असती.

आत्याबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. वरपासून खालपर्यंत मला न्याहाळलं. "शहाणा दिसत नाही," म्हणाल्या, आणि झोपायला गेल्या.

पहाटे उजाडता उजाडता त्या पुन्हा आल्या. हातात दोर, दोराच्या टोकाला त्यांची कालवड. दोन वर्षांची, लाल, धष्टपुष्ट. हिवाळ्यात स्वतःच्या वाटणीचं अर्धं त्यांनी तिला घातलं होतं. मागोमाग आल्फडिस.

"नीट ऐक," आत्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पुरुषाने जमीन घ्यायची तर कडेकडेने आगी पेटवत जायचं. बाईने घ्यायची तर वसंतातल्या एका दिवसात, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, दोन वर्षांची कालवड घेऊन जेवढ्या जमिनीला वळसा घालेल, तेवढी तिची. कायदा आहे. मी विधवा, माझं मी बघते. आणि ही जमीन आपली नाही हे ग्रीम्या वर्षभर सगळ्या जगाला सांगतोय. मग कोणाचीच नाही ना?"

"आत्या, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. तू त्या दोघांना खाऊ घालत राहा. मी परत येईपर्यंत हातात हात जाऊ देऊ नकोस."

सूर्याची कड वर आली, तशा त्या निघाल्या. कमरेला सुक्या माशांची एक जुडी खोचलेली होती.

असा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही. पुरुष माझ्या पाठीशी बसून बिअर पीत होते आणि कोणाचा पणजोबा कोणाच्या पणजोबाचा मेहुणा, हे जुळवत होते. खोऱ्याकडे कोणाचंच तोंड नव्हतं. सगळं मला एकट्याला दिसत होतं, आणि मला ओरडता येत नव्हतं.

आधी त्या उताराच्या कडेकडेने जोरात गेल्या. मग नदी आली आणि कालवड थांबली. आत्याबाई पाण्यात उतरल्या, कालवड काठावर. त्यांनी दोर ओढला. कालवडीने दोर ओढला. इतक्या लांबून शब्द कळत नव्हते, पण हातवारे कळत होते. कालवडीची आई, आजी, सगळ्यांचा उद्धार चालला होता. मग आत्याबाईंनी एक मासा काढून तिच्या नाकापुढे धरला आणि उलट्या पावलांनी नदी पार केली. कालवड मागोमाग.

दुपारी त्या खोऱ्याच्या पार टोकाला होत्या. तिथे कालवड चक्क बसली. आत्याबाईही तिच्या शेजारी बसल्या. दोन लाल-काळे ठिपके, अजिबात हलेनात. सूर्य मात्र हलत होता.

"आत्या कुठे आहे?" ग्रीमोल्फने विचारलं.

"कालवड चारायला गेल्या," आल्फडिस म्हणाली. "अजून थोडं दही घ्या ना, स्केग्गीभाऊ."

"वहिनी, आता पोटात जागा नाही."

"बसून राहिलात तर कशी होईल? जरा उभं राहून घ्या."

साक्षीदार आले. त्यांनाही खाऊ घातलं. ठिपके उठले होते, हळूहळू अलीकडच्या बाजूला येत होते. सूर्य डोंगराकडे झुकला. स्केग्गीने तोंड पुसलं आणि हात पुढे केला. "चल ग्रीमोल्फ. होऊन जाऊ दे."

"थांबा!" आल्फडिस म्हणाली. "देवाला अंघोळ नको? हिवाळाभर गोठ्यात होता. शेणाने माखलेल्या देवाची साक्ष कोण मानेल?"

साक्षीदारांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना पटलं. आमचे लोक कायद्याचे मोठे चोखंदळ.

मग तिने मला धुतलं. काय सांगू! आधी दाढी, एकेक केस. मग हातोडा. मग पाणी गार आहे म्हणून तापवायला गेली. मग पाठ. मग लोण्याचा हात. स्केग्गीचा हात तोवर पुढेच. "वहिनी," तो म्हणाला, "माझ्या लग्नातही मला इतकी अंघोळ घातली नव्हती."

"म्हणूनच," एक साक्षीदार पुटपुटला.

सूर्य डोंगराला टेकला. ग्रीमोल्फने हात पुढे केला. आणि त्याच वेळी उंचवट्याखालून धापा टाकण्याचा आवाज आला. पुढे कालवड, मागे आत्याबाई. आता कालवडच त्यांना ओढत होती. घराच्या वासाने तिच्या पायांत बळ आलं होतं. आत्याबाईंच्या डोक्यावरचा रुमाल कुठेतरी गळाला होता. पाय कमरेपर्यंत चिखलात भरलेले. जिथून निघाल्या होत्या तिथे, माझ्या पायाशी येऊन, त्यांनी दोर सोडला.

"साक्षीदार आहेत ना?" त्यांनी दम घेतला. "बरं झालं. बघून घ्या. सूर्य अजून वर आहे. नदीच्या दोन्ही काठांसकट हे सगळं खोरं मी घेतलं. मी, ग्रोआ. पावलांचे ठसे ओले आहेत, जाऊन मोजा."

कोणी मोजायला गेलं नाही. सगळे सूर्याकडे बघत होते. त्याची एक कड अजून दिसत होती.

"आत्या!" ग्रीमोल्फ ओरडला. "माझा नवस!"

"तुझा आहे ना? मग तू फेड. मी कुठे काय बोलले होते? तू जा दगडांवर. आल्फडिस आणि गुरं माझ्याकडे राहतील. तू आलास तर पाहुणा म्हणून ये, जेवायला घालीन."

ग्रीमोल्फचा पुढे केलेला हात खाली आला. त्याने आल्फडिसकडे पाहिलं. ती पाण्याचं भांडं घेऊन उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा रंग आला होता. त्याने खोऱ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्याने ते त्या दिवशीच पाहिलं. मग तो माझ्याकडे वळला. "थॉर," म्हणाला, "आता तूच सांग."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी लोण्याने चकचकत उभा. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. लाटेने ढकललं, मी गेलो, यापलीकडे मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती शांतता फार लांबली. आणि त्या शांततेत ग्रीमोल्फचा चेहरा हळूहळू बदलत गेला. कोणी उत्तर देत नाही हे कळल्यावर माणसाचा चेहरा बदलतो, तसा.

"मला दगडांवर राहायचं नाही, आत्या," तो अगदी हळू म्हणाला. "पण शब्द मोडून मी मान वर करून चालू शकणार नाही."

"हे आधी बोलायला काय झालं होतं?" आत्याबाई म्हणाल्या. पण आवाज मऊ होता. मग त्या स्केग्गीकडे वळल्या. "तुझ्या गाईंना गवत नाही."

"नाही," स्केग्गी म्हणाला.

"उन्हाळ्यात इथे चरायला आण. त्या बदल्यात ह्याला तुझ्या भूशिरावर एका झोपडीची जागा दे, आणि हे लाकूड दे. मासेमारीच्या दिवसांत तो तिथे राहील. घर बांधीन म्हणाला होता, तिथे घर होईल. केवढं बांधीन ते बोलला नव्हता."

स्केग्गीने विचार केला. त्याचा हात अजून पुढेच होता. तो आत्याबाईंनी धरला. व्यवहार झाला.

आता त्या खोऱ्याला सगळे ग्रोआचं खोरं म्हणतात. तिथे मोठं घर आहे. मानाच्या बैठकीवर आत्याबाई बसतात, आणि खांबांच्या जागी भूर्जाची दोन वाकडी खोडं आहेत, असं ऐकतो. मी इथे भूशिरावर, ग्रीमोल्फच्या झोपडीत. मासेमारीच्या दिवसांत तो येतो, एरवी दार वाऱ्याने वाजत असतं. एकटा असलो की तेच ते विचार येतात. मी चुकीच्या जागी लागलो का? त्यांची ती दुभती गाय माझ्यामुळे गेली का?

एकदा आत्याबाई होडीतून आल्या होत्या. ग्रीमोल्फ समुद्रावर होता. त्या माझ्याशेजारी टेकल्या, गुडघे चोळले. मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नाही रे. तू लाकूड आहेस." मला देव म्हणून हात जोडणारे पुष्कळ भेटले; पण इतकं बरं मला कोणाच्याही बोलण्याने वाटलं नव्हतं.

तेव्हा माझी तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरातही कुठे कोणी खांब असेल, कोरलेला, मानाचा. त्याला टेका, त्याला पाठ घासा, हात पुसा. फक्त त्याला विचारू नका. तो घाबरतो.

परवा ग्रीमोल्फ वादळातून भिजून आला. दार लावलं, माझ्यासमोर उभा राहिला आणि सवयीने म्हणाला, "थॉर, उद्या होडी काढू की..." आणि थांबला. मग स्वतःशीच हसला, दार उघडून आभाळाकडे स्वतःच्या डोळ्यांनी नीट बघून आला, आणि ओले लोकरी मोजे माझ्या हातोड्यावर वाळत घातले.

अजून ठिबकताहेत. मी अगदी मजेत आहे.